समोर होतं, तरी दिसलं नाही

मागच्या अंकात मी मेंदूच्या लहरींबद्दल थोडं लिहिलं होतं. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण १० वेळा उठणारी एक लय सुरू होते, तिला अल्फा म्हणतात. आणि एखादी पुसट गोष्ट आपल्याला दिसते की नाही, हे थोडंफार त्या लयीवरही असतं. एवढ्यावर बरीच पत्रं आली. पुण्यातल्या एका रुग्णालयात ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या लहरी नोंदवायच्या, खोलीत मी ३१ वर्षं टेक्निशियन होते, त्यामुळे उत्तरं लिहिताना ती खोली सारखी डोळ्यांपुढे येत होती. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. ते लांबायलाच हवं होतं.

*

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. २२ वर्षं झाली. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, उचलायचं, ट्यूबखाली फिरवायचं, क्रॅक, ब्लो होल म्हणजे हवेचं भोक, वाळूचा डाग बघायचा, ओके नाहीतर रिजेक्ट. गेल्या महिन्यात केसाएवढी क्रॅक असलेले दोन पीस माझ्या हातून गेले आणि गिऱ्हाइकाकडून परत आले. शिक्का माझाच होता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, डोळे उघडे ठेवून झोपला होता काय? मी झोपलो नव्हतो, ताई. पीस हातात होता, त्या कडेवरनं नजर फिरली होती हेसुद्धा आठवतंय. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तोच आहे. तुम्ही लिहिलं होतं की मेंदू सेकंदाला दहा वेळा उघडझाप करतो. मग चूक माझी की मेंदूची?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण हे माझ्याही हातून घडलेलं आहे.

मशिनवर कागद चालायचा आणि पेनं त्यावर लहरींच्या रेघा काढायची, तेव्हाची गोष्ट. कागदाचा वेग सेकंदाला ३० मिलिमीटर, म्हणजे एका पानावर १० सेकंद. २० मिनिटांच्या तपासणीची १२० पानं घडी पडत पडत ट्रेमध्ये जमायची. गठ्ठा डॉक्टरांकडे जायच्या आधी आम्ही तो चाळायचो आणि शंकेच्या पानाला चिठ्ठी लावायचो. एका दुपारी चौथ्या पेशंटचा गठ्ठा मी असाच चाळून आत पाठवला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी बोलावलं आणि एका पानावर बोट ठेवलं. डाव्या कानशिलाच्या रेघेत एक टोकदार उसळी होती, फिट्सची खूण असू शकते अशी. स्वच्छ, ठळक, नवख्या मुलीलाही कळली असती अशी. पानाच्या कोपऱ्यात पान क्रमांक माझ्याच अक्षरात होता, उसळीपासून चार बोटांवर. म्हणजे ते पान मी पाहिलं होतं, त्याच्यावर पेनाने लिहिलं होतं, आणि उसळी मला दिसली नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत. मला मात्र बरेच दिवस जेवण गोड लागलं नाही.

आधी माझं एक वाक्य मागे घेते. 'उघडझाप' हा शब्द मी वापरायला नको होता. तो कुठून आला ते सांगते. २००९ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे निको बुश, जुलियन दुब्वा आणि रुफिन व्हॅनरुलेन यांनी लोकांना ६ मिलिसेकंदांपुरता एक ठिपका दाखवला, इतका पुसट की निम्म्या वेळा दिसावा आणि निम्म्या वेळा दिसू नये. ठिपका चमकायच्या जरासा आधी मेंदूतली ७ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७ वेळांच्या, आसपासची लाट चढणीवर होती की उतरणीवर, यावरून तो दिसणार का याचा अंदाज बांधता आला. दिसण्या-न दिसण्यातल्या फरकापैकी निदान १६ टक्के फरक या एका गोष्टीने समजावता येत होता. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉयमधल्या गटाला १० हर्ट्झच्या अल्फाबाबत असंच काही दिसलं. पुढे काही प्रयोगशाळांनी असे प्रयोग करून पाहिले तेव्हा परिणाम सापडला नाही, आणि तेही छापून आलेलं आहे.

आता तुमच्या टेबलावर या. पीस हातात किती वेळ असतो? पाच सेकंद धरू. तेवढ्यात अल्फाच्या ५० लाटा येऊन जातात. एका लाटेच्या उतरणीला क्रॅक निसटली, असं म्हणायला इथे जागाच उरत नाही. ६ मिलिसेकंदांच्या ठिपक्याचं गणित पाच सेकंदांच्या कास्टिंगला लावू नका.

तुमच्या कामात आड येते ती लाटांची भरती, म्हणजे सगळी अल्फाच चढत जाणं. पेशंटला टेबलावर निजवून 'डोळे मिटा' म्हटलं की डोक्याच्या मागच्या बाजूची पेनं एकदम नाचायला लागायची. कागदावर कंगव्याचे दात काढावेत तशा सारख्या अंतराच्या लाटा. 'उघडा' म्हटलं की क्षणात रेघ बसायची. जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा असं लेखन घेतलं, १९२९ मध्ये ते छापलं, आणि ही डोळे मिटण्याची खूण तेव्हापासून दर खोलीत तपासली जाते. पण कधी कधी उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेल्या माणसाचीही पेनं हळूहळू दात काढायला लागायची. डोळे उघडे, पापणी लवतेय, आवाज दिला तर लगेच उत्तर. तरी मागची पेनं सांगत असत की बघण्याच्या भागाने काम आखडतं घेतलंय. अल्फा चढलेली असली की तो भाग बाहेरून आलेल्या गोष्टीला कमी दाद देतो, असं आज मानतात.

डब्लिनच्या रेडमंड ओ'कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना एक कंटाळवाणं काम दिलं: पडद्यावर एकसारख्या वेळाने आकृती बदलत राहते, त्यात एखादी जास्त वेळ रेंगाळली की ओळखायची. ज्या वेळा माणसं चुकली, त्याच्या २० सेकंद आधीपासूनच डोक्याच्या मागच्या भागात अल्फा वाढत गेलेली सापडली. २० सेकंद, दादा! म्हणजे तुमच्या हिशेबाने चार पीस आधीच भरती सुरू झालेली असू शकते, आणि तुम्हाला आतून त्याची जाणीव होण्याचं काही साधन नाही. म्हणून 'मी झोपलो नव्हतो' हे तुमचं म्हणणं खरं आहे. पुढच्या वेळी साहेबांना तसं ठामपणे सांगा.

पण तुमच्या प्रश्नाचं हे निम्मंच उत्तर झालं. उरलेलं निम्मं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

क्रॅक ओळखण्यात दोन गोष्टी असतात. एक, क्रॅक आणि साधा ओरखडा यांतला फरक कळण्याची नजर. दुसरी, शंका आली की 'रिजेक्ट' म्हणण्याकडे मन किती झुकलेलं आहे तो कल. तुमच्या शॉपमध्ये तक्रार आली की पुढचा आठवडा काय होतं, आठवून बघा. रिजेक्शन वाढतं, लाल पेटी भरते, आणि तिच्यात चांगले पीसही जातात. त्या आठवड्यात कुणाची नजर सुधारलेली नसते. कल सरकलेला असतो.

लुका इएमी, बुश आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच दोन धागे वेगळे करून दाखवले. ठिपका यायच्या आधी अल्फा कमी असली, म्हणजे मेंदू सावध असला, तर लोक 'दिसलं' असं जास्त वेळा म्हणत. पण ठिपका नसतानाही म्हणत! दोन गोष्टींतला फरक सांगायला लावला, तर बरोबर उत्तरांत भर पडत नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत जेसन सामाहा आणि सहकाऱ्यांना आढळलं की अल्फा कमी असताना आपल्या उत्तराबद्दलची खात्री वाढते, अचूकपणा मात्र तेवढाच राहतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून होते. 'मला अगदी स्पष्ट दिसलं' असं आपण छातीठोकपणे सांगतो, त्या स्पष्टपणातला काही भाग वस्तूकडून आलेलाच नसतो.

आणि हा कल नुसत्या लहरींनी सरकत नाही, शोधायची गोष्ट किती वेळा समोर येते त्यानेही सरकतो. हार्वर्डच्या जेरेमी वुल्फ यांनी २००५ मध्ये विमानतळावरच्या बॅगांसारख्या चित्रांत माणसांना अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार असलं, तर ७ टक्के निसटली. शंभरात एकाच चित्रात असलं, तर ३० टक्के निसटली. तेच डोळे, तीच चित्रं. तुमच्याकडे क्रॅकचं प्रमाण बहुधा त्याहून कमी असेल. दिवसभर 'ओके, ओके, ओके' म्हणत राहिलेला हात ओकेच्या बाजूला कलतो. २२ वर्षं अनुभव असलेल्या माणसाचाही कलतो.

आता करायचं काय, ते साहेबांना दाखवता येईल असं लिहिते. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेली माणसं पाणबुडीचा ठिपका चुकवतात म्हणून ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा अभ्यास केला. घड्याळासारखा एक काटा, सेकंदाला एक उडी, क्वचित दुहेरी उडी; तेवढी ओळखायची, सलग दोन तास. १९४८ मध्ये त्यांनी लिहिलं की पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढतात, आणि अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती असं ठेवलं तर ही घसरण थांबते. फौंड्रीत अर्धा तास बसून राहणं कोण देणार? पण दर अर्ध्या तासाने इन्स्पेक्शनवरचा माणूस ग्राइंडिंगला किंवा पॅकिंगला आणि तिथला इकडे, एवढं जमू शकतं.

दुसरं, खूण केलेले पाच-सहा खरे तडकलेले पीस लॉटमध्ये मिसळा, आणि सापडला की लगेच 'सापडला', निसटला की लगेच 'निसटला' असं सांगायची सोय करा. विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये खोटी हत्यारं अशीच अधूनमधून टाकतात. वुल्फ यांच्या २००७ च्या प्रयोगांत मधूनच भरपूर हत्यारांच्या चित्रांचा थोडा सराव, चूक-बरोबर सांगत, करून घेतल्यावर निसटणं कमी झालं होतं.

तिसरं तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे: ज्या कडेला क्रॅक येतेच, तिथे नजरेवर सोडू नये, डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती उठून दाखवणारा रंग, लावावं.

चूक तुमची की मेंदूची, असं विचारलंत. शिक्का तुमचा होता, ती जबाबदारी तुम्ही पत्रातही टाळलेली नाही. पण सलग आठ तास एकट्या माणसाच्या डोळ्यांवर सगळा लॉट सोडायचा, हे ज्याने ठरवलं त्याचाही त्यात वाटा आहे, आणि माझ्या मते तो मोठा आहे.

*

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला अकरावीत आहे. वर्गातला पंखा बंद करताना मध्येच उलटा फिरतोय असं दिसतं. सर म्हणतात, ट्यूबमुळे. पण एकदा भर उन्हात चाकाकडे बघत होतो, तेव्हाही तसंच दिसलं. उन्हात कुठे ट्यूब आहे? म्हणजे मेंदू कॅमेऱ्यासारखे फोटो काढतो का?

उत्तर : सर बरोबर आहेत आणि तुझी शंकाही बरोबर आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. दोन उजेडांच्या मध्ये पातं जवळजवळ पुढच्या पात्याच्या जागी पोचलं, की ते मागे सरकल्यासारखं भासतं. ऊन मात्र लुकलुकत नाही. तरी उन्हात टक लावून बरंच बघितलं तर चाक क्षणभर उलटं जातं, आणि १९९६ मध्ये डेल पर्व्हिस आणि सहकाऱ्यांनी तुझ्यासारखाच प्रश्न विचारला: मेंदू तुकड्या-तुकड्याने बघतो का? पुढे व्हॅनरुलेन यांना आढळलं की सेकंदाला साधारण १० वेळा आकृती पुढे सरकत असली तर हा भास सगळ्यात जास्त होतो. १० म्हटलं की सगळ्यांना अल्फा आठवली.

पण २००४ मध्ये क्लाइन, होलकोम्ब आणि ईगलमन यांनी फार साधी युक्ती केली. फिरत्या पिंपाशेजारी आरसा ठेवला आणि पिंप व त्याचं प्रतिबिंब दोन्ही एकदम बघायला सांगितलं. मेंदू पूर्ण दृश्याचे फोटो काढत असता, तर दोन्ही एकदमच उलटी फिरायला हवी होती. जवळजवळ दर वेळी एकच उलटं फिरलं, दुसरं सुलटं चालू राहिलं! त्यांचं म्हणणं असं की डावीकडची आणि उजवीकडची हालचाल ओळखणाऱ्या पेशींच्या गटांत चढाओढ असते आणि कधी तरी हरणारा गट क्षणभर जिंकतो. मला हे उत्तर पटतं. मेंदूत लय आहे म्हणून मेंदू कॅमेरा होत नाही.

तुला करून बघता येईल. सायकल उलटी उभी कर, मागच्या चाकाच्या आऱ्यांवर सारख्या अंतराने कागदाच्या आठ पट्ट्या चिकटव, शेजारी आरसा टेकव. चाक सेकंदाला सव्वा फेरीच्या वेगाने फिरव, म्हणजे दर सेकंदाला १० पट्ट्या नजरेसमोरून जातील. ऊन हवं, आणि एक-दोन मिनिटं चिकाटी हवी. काय दिसलं ते मला लिही, काहीच दिसलं नाही तरी लिही.

*

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. '१० हर्ट्झ अल्फा संगीत' ऐकल्याने एकाग्रता आणि निर्णयशक्ती वाढते अशा जाहिराती येतात. वर्षाचे पैसे भरू का?

उत्तर : भरू नका. माणसाला साधारण २० हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकूच येत नाही, म्हणून अशा ध्वनिफितींत एका कानात, समजा, २०० आणि दुसऱ्या कानात २१० हर्ट्झचा सूर देतात आणि फरकाला 'अल्फा' म्हणतात. आणि वरचं लांब उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की अल्फा चढणं म्हणजे बघण्याच्या कामात मेंदू सैल पडणं. ते डोळे मिटून विसावताना छान आहे. पेपर सोडवताना ते मागून का घ्यायचं?

*

प्रश्न : असं संशोधन आपल्या देशात होतं का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : होतं, आणि चांगलं होतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुप्रतिम रे यांचा गट डोळ्यांसमोर काळे-पांढरे पट्टे आल्यावर उठणाऱ्या गॅमा नावाच्या वेगवान लयीवर काम करतो. निरोगी ज्येष्ठांमध्ये ती वयाबरोबर क्षीण होत जाते, आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये समवयस्कांपेक्षा आणखी क्षीण असते, असं त्यांनी २०२० आणि २०२१ मध्ये मांडलं. रुग्णांची संख्या त्यात लहान होती. पण टोपीसारखे इलेक्ट्रोड आणि एक पडदा एवढ्यावर ही तपासणी होते, म्हणून माझं तिच्याकडे लक्ष आहे.

*

प्रश्न : ताई, माझा मुलगा ८ वर्षांचा आहे. शाळेत मध्येच एकटक बघत राहतो म्हणून ईईजी केला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'मागच्या भागात ९ हर्ट्झची अल्फा लय, डोळे उघडल्यावर कमी होते.' ही कमी का होते? त्याचा मेंदू कमजोर आहे का? डॉक्टरांची पुढची तारीख १२ दिवसांनी आहे. झोप लागत नाही. — लातूर

उत्तर : ताई, आज रात्री झोपा. ते वाक्य चांगलं आहे. डोळे उघडल्यावर अल्फा कमी व्हायलाच हवी. उजेड आत आला आणि बघण्याचा भाग कामाला लागला, एवढाच त्याचा अर्थ. बर्गर यांनी जे पाहिलं तेच तुमच्या मुलाच्या रिपोर्टात उतरलंय. आठव्या वर्षी ९ हर्ट्झ वयाला धरून आहे. ही लय लहानपणी संथ असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ८ वर येते आणि पुढे १० च्या आसपास पोचते. हे सगळं मायक्रोव्होल्टमध्ये असतं, पेन्सिल सेलच्या काही हजाराव्या भागाएवढंही नाही, तरी एवढं स्पष्ट उमटतं. माझ्या खोलीत हे वाक्य मी रोज लिहीत होते, आणि ते वाचून कुणी आई जागी राहत असेल हे इतक्या वर्षांत मला सुचलं नाही. रिपोर्ट हातात देताना दोन मिनिटं थांबून सांगायला हवं होतं.

एकटक बघण्याबद्दल मात्र हे एक वाक्य काही ठरवत नाही. काही मुलांना थोड्या सेकंदांच्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या फिट्स येतात. मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला की त्या बऱ्याचदा ईईजीत उमटतात, सेकंदाला तीन टोकं अशा. तपासणीत मुलाला असे श्वास घ्यायला लावले होते का, आणि रिपोर्टात त्याबद्दल काय लिहिलंय, ते डॉक्टरांना विचारा. तो टक लावून बसेल तेव्हा मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा, हाक मारल्याचा आणि हाताला स्पर्श केल्याचा भागही त्यात येऊ द्या. हातपाय झटकले, किंवा असं दिवसात बरेचदा होऊ लागलं, तर १२ दिवस थांबू नका. आणि पुन्हा ईईजी सांगितला, तर आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका, जुना रिपोर्ट बरोबर न्या. टेक्निशियन डोक्यावर टेप लावून मोजेल, पेन्सिलीने खुणा करेल. मुलाला आधीच सांगून ठेवा की दुखत नाही.